बिल आपलं, कमाई दुसऱ्याची

मे महिन्यातली दुपार. घुग्घुसमधलं एखादं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान घ्या. संगणक नुसता सुरू आहे. पडद्यावर एकही खिडकी उघडी नाही, कीबोर्डला कुणाचा हात नाही, तरी डब्यातला पंखा घोंघावतोय. सातबाऱ्याची वेबसाइट उघडायला एरवी लागतो त्याहून दुप्पट वेळ लागतोय. वैतागून ऑपरेटर, कोणता प्रोग्राम किती राबतोय हे दाखवणारा, टास्क मॅनेजर उघडतो. काही सेकंदांत पंख्याचा आवाज उतरतो आणि प्रोसेसरचा वापर जेमतेम चार-पाच टक्के दिसतो. सगळं ठीक आहे असं समजून तो खिडकी बंद करतो. दोन मिनिटांनी पंखा पुन्हा सुरू.

आपल्याकडे पहिला संशय उन्हावर जातो आणि दुसरा धुळीवर. तो चुकीचाही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. घुग्घुसभोवती कोळसा खाणी, सिमेंट आणि स्पंज आयर्नचे कारखाने, त्यामुळे संगणकाच्या आतल्या पंख्यावर काही महिन्यांतच काळपट थर बसतो. हवा खेळती राहिली नाही की प्रोसेसर तापतो, पंखा जोरात फिरतो. पण टास्क मॅनेजर उघडल्यावर धूळ कमी होत नाही. आपण बघायला लागताच काम थांबवणारं काहीतरी त्या संगणकात आहे. बऱ्याचदा ते असतं छुपं क्रिप्टो-मायनिंग करणारं मालवेअर, म्हणजे मालकाला न विचारता त्याच्या संगणकावर आभासी चलन कमावणारा घातक प्रोग्राम. जगभर या प्रकाराला क्रिप्टोजॅकिंग म्हणतात.

एवढं गणित कशासाठी?

बँकेतल्या पैशाचा हिशेब बँक ठेवते. क्रिप्टो चलनाला बँक नसते. कुणी कुणाला किती दिले याची नोंदवही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने ही पद्धत आणली. आता प्रश्न असा, की नव्या व्यवहारांचा पुढचा गट या वहीत कोण लिहिणार? कुणीही लिहू शकला तर खोट्या नोंदींचा सुळसुळाट होईल. म्हणून अट घातली, की लिहिणाऱ्याने आधी एक अवघड आणि खर्चीक गणित सोडवायचं. जो पहिला सोडवेल त्याची नोंद धरली जाते आणि त्याला नवी नाणी बक्षीस मिळतात. याच कामाला मायनिंग म्हणतात.

हे गणित बुद्धीचं नाही, निव्वळ रेट्याचं आहे. त्याच्या मुळाशी असतं हॅश नावाचं सूत्र. त्यात कोणताही मजकूर घातला की ठरावीक लांबीचा आकडा बाहेर पडतो. बिटकॉइनमध्ये तो ६४ चिन्हांत लिहिला जातो आणि प्रत्येक चिन्ह सोळा शक्यतांपैकी एक असतं. ‘घुग्घुस’ हा शब्द घातला तर एक आकडा येईल आणि दर वेळी तोच येईल. शब्दापुढे नुसता एक ठिपका दिला तर मात्र पूर्ण वेगळा आकडा येईल, आणि पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. सगळी मेख इथेच आहे.

मायनिंगची अट साधारण अशी असते: नोंदींच्या गटाला एक संख्या जोडा, हॅश काढा, आणि त्याची सुरुवात अमुक इतक्या शून्यांनी होईपर्यंत संख्या बदलत राहा. सुरुवातीला एकच शून्य हवं असेल तर सरासरी १६ प्रयत्न लागतात. चार शून्यं हवी असतील तर ६५,५३६. आठ हवी असतील तर सुमारे ४२९ कोटी. सरळ वाट नाही, सुटका नाही, करत राहणं एवढंच. उत्तर सापडल्यावर ते बरोबर आहे का, हे मात्र कुणालाही एका क्षणात तपासता येतं.

म्हणून मायनिंग करणारा प्रोसेसर कधीच निवांत नसतो. टायपिंग करताना किंवा दाखला छापताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो, कारण माणसाचा हात त्याच्या मानाने फार मंद. मायनर तो रिकामा वेळ उरू देत नाही. प्रोसेसरने वापरलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. पंखा ओरडतो तो त्या उष्णतेसाठी.

साध्या संगणकाला का धरतात?

बिटकॉइनचं मायनिंग आज फक्त त्याच कामासाठी बनवलेल्या यंत्रांवर परवडतं. दुकानातल्या संगणकावर वर्षभर केलं तरी हाती काही लागत नाही. पण एप्रिल २०१४ मध्ये मोनेरो नावाचं दुसरं चलन आलं. अशा खास यंत्रांच्या हाती मायनिंगची मक्तेदारी जाऊ नये, सामान्य माणसालाही घरच्या संगणकावर ते करता यावं, असा ते बनवणाऱ्यांचा आग्रह होता. त्यासाठी नोव्हेंबर २०१९ पासून त्यांनी रँडमएक्स ही पद्धत लागू केली. साधा प्रोसेसर ज्या कामात तरबेज असतो, नेमकं तेच काम ती मागते. मोनेरोचा दुसरा गुण म्हणजे गुप्तता. पाठवणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, यातलं काहीच उघड दिसत नाही.

हेतू चांगला होता. पण जे चलन साध्या संगणकावर कमावता येतं आणि कुणाकडे गेलं ते कळत नाही, ते गुन्हेगाराला सर्वांत सोयीचं ठरलं. मोनेरो कमावण्यासाठी एक्सएमरिग नावाचा एक मोफत आणि कायदेशीर प्रोग्राम आहे. बहुतेक छुपे मायनर म्हणजे याच प्रोग्रामची वेष बदललेली आवृत्ती. स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या खुशीने तो चालवणाऱ्याने काहीही गैर केलेलं नाही. परवानगी न घेता दुसऱ्याच्या यंत्रावर चालवणं हा गुन्हा आहे.

रँडमएक्स पूर्ण वेगाने चालायला सुमारे २ जीबी मेमरी घेते. ज्या दुकानातल्या संगणकात एकूण मेमरीच ४ जीबी आहे तिथे ब्राउझर आणि प्रिंटरसाठी काय उरणार? प्रोसेसर व्यापला आणि मेमरीही अडली, की वेबसाइट उघडता उघडत नाही.

हिशेब मांडून पाहू

संगणक-वर्गातले दहा डेस्कटॉप धरू. छुप्या मायनरमुळे प्रत्येक संगणक ७० वॅट जादा वीज ओढतो, वर्ग दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस चालतो असं मानू. एका संगणकामागे महिन्याला सुमारे १८ युनिट, दहा संगणकांमागे १८२ युनिट. १० रुपये युनिट धरलं तर महिन्याचे १,८२० रुपये. एक युनिट औष्णिक वीज बनवायला साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो, म्हणजे हा सव्वाशे किलोहून अधिक कोळसा झाला. २,९२० मेगावॉटचं चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र ज्यांच्या शेजारी आहे आणि ज्यांच्या अंगणात कोळशाची धूळ रोज उतरते, त्यांना युनिटचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता चोराची बाजू पाहा. असा एखादा जुना संगणक दिवसभर राबवून त्याला जेमतेम काही रुपयांचा मोनेरो मिळतो. तेवढ्या वेळात जळालेली जादा वीज बहुतेक वेळा त्याहून महाग असते. स्वतः बिल भरून हा धंदा केला तर तोटा आहे. वीजवाहिनीवर आकडा टाकणारा माणूस शेगडी किती वीज खाते याची फिकीर करत नाही, कारण तिचं मीटर त्याच्याकडे नसतं. इथेही तेच आहे. चोरी कितीही उधळपट्टीची असली तरी चोराला ती फायद्याचीच पडते, फक्त आकडे भरपूर टाकता आले पाहिजेत.

याचा पुरावा आहे. अवास्ट या सुरक्षा कंपनीने जून २०२१ मध्ये क्रॅकोनॉश नावाच्या मालवेअरचा छडा लावला. ते निदान जून २०१८ पासून पसरत होतं. त्याने २,२२,००० हून अधिक संगणक पछाडले आणि ९,००० हून अधिक मोनेरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने २० लाख डॉलरांच्या वर कमाई केली. भागाकार केला तर एका संगणकामागे सुमारे ९ डॉलर येतात. तीन वर्षांत साडेसहाशे रुपयांच्या आसपास! एवढ्यासाठी एकेका माणसाचा संगणक तीन-तीन वर्षं झिजवला गेला. अवास्टने मोजलेल्या बाधित संगणकांत भारतातले १३,७७९ होते. आपल्यापेक्षा वरचे फक्त फिलिपिन्स आणि ब्राझील.

तो आत येतो कुठून?

क्रॅकोनॉशचा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. महागडे गेम फुकट मिळावेत म्हणून लोक त्यांच्या कुलूप तोडलेल्या प्रती, ज्यांना सगळे ‘क्रॅक’ म्हणतात, डाउनलोड करत. ग्रँड थेफ्ट ऑटो ५, फार क्राय ५ अशा गेमच्या प्रतींतून ते संगणकात उतरलं. पुढे ते संगणकाला सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करायला लावी. त्या अवस्थेत अँटिव्हायरस जागा नसतो. तेवढ्यात ते विंडोजचं स्वतःचं संरक्षण उखडून टाकी आणि कोपऱ्यात त्याचं खोटं चिन्ह बसवी, म्हणजे मालकाला सगळं जागच्या जागी दिसेल. आपला अँटिव्हायरसच गायब झाल्याची तक्रार अवास्टच्या काही ग्राहकांनी केली, तेव्हा शोध सुरू झाला.

आपल्या गावांत गेमपेक्षा मोठी वाट आहे ती क्रॅक केलेल्या विंडोजची आणि ऑफिसची. संगणक जोडून देणारा ‘सगळं टाकून देतो’ म्हणतो, आणि त्या सगळ्यात अ‍ॅक्टिव्हेशनची चोरवाट उघडणारं साधनही येतं. ते साधन चालावं म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. एवढी एकच सूचना सावध व्हायला पुरेशी आहे. पैसे वाचवणाऱ्या दुकानदाराला मी दोष देत नाही, दोन पैशांवर चालणारं दुकान असतं ते. पण वाचलेले पैसे वीजबिलातून परत जाणार असतील तर हा सौदा महाग आहे.

दुसरी वाट पेन ड्राइव्हची. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२१ मध्ये ज्याची सविस्तर माहिती दिली तो लेमनडक हा मायनर फसव्या ईमेलमधून, कच्च्या पासवर्डमधून आणि पेन ड्राइव्हमधूनही पसरतो. त्याचा प्रादुर्भाव आढळलेल्या देशांत भारतही आहे. आपल्याकडे फोटो आणि मार्कशीट घेऊन तोच पेन ड्राइव्ह एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, तिथून शाळेत, शाळेतून घरी फिरतो.

तिसरी वाट माणसाच्या कोणत्याही चुकीविना उघडते. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेकडचं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार एप्रिल २०१७ मध्ये फुटलं. विंडोजमधल्या एका उणिवेतून ते नेटवर्कवरच्या एका संगणकातून दुसऱ्यात शिरू देई. १२ मे २०१७ ला त्याच वाटेने वॉनाक्राय हे खंडणीखोर मालवेअर जगभर पसरलं आणि मोठा गाजावाजा झाला. पण त्याच्या कितीतरी दिवस आधी ॲडिलकझ नावाचा मायनर तिथूनच आत शिरून गुपचूप बसला होता. शिरल्यावर तो मागचं दार बंद करून घेई, दुसरं कुणी येऊन संगणक पळवू नये म्हणून. त्यामुळे काही ठिकाणी वॉनाक्रायलाच आत जाता आलं नाही. मायनरला संगणक बिघडलेला नको असतो, चालता हवा असतो. या एका गोष्टीतून त्याचं सगळं वागणं उलगडतं. मायक्रोसॉफ्टने ही उणीव बुजवणारा अपडेट मार्च २०१७ मध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला ते वाचले.

चौथी वाट वेबसाइटची. सप्टेंबर २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह ही सेवा सुरू झाली. वेबसाइटमध्ये काही ओळींचा कोड टाकायचा, की पान उघडं असेपर्यंत वाचकाचा संगणक मोनेरो कमावून देणार. ७० टक्के वेबसाइटवाल्याचे, ३० टक्के कॉइनहाइव्हचे. जाहिरातींना पर्याय म्हणून ही कल्पना मांडली गेली, पण लवकरच लोक इतरांच्या वेबसाइटमध्ये घुसून हा कोड पेरू लागले. सप्टेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशच्या नगरपालिका प्रशासनाच्या आणि तिरुपती महापालिकेच्या वेबसाइटवर तो सापडला. गुवाहाटीच्या तरुण संशोधकांनी ते उघडकीला आणलं. लोक सरकारी कामासाठी ती पानं उघडत आणि तेवढा वेळ त्यांचा संगणक दुसऱ्यासाठी राबे. मार्च २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह बंद पडली आणि ब्राउझरमधला हा प्रकार पुष्कळ ओसरला. संगणकात ठाण मांडणारे मायनर मात्र राहिले.

मोठे समूहही सुटले नाहीत

महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईत मुख्यालय असलेल्या आदित्य बिर्ला समूहाचं. कोरपना तालुक्यातल्या आवारपूरचा सिमेंट कारखाना याच समूहाच्या अल्ट्राटेकचा आहे. २०१८ च्या मध्यावर इकॉनॉमिक टाइम्सने वृत्त दिलं, की समूहातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या २,००० हून अधिक संगणकांवर क्रिप्टोजॅकिंगचा हल्ला झाला. आधी परदेशातल्या एका उपकंपनीत तो लक्षात आला आणि काही दिवसांत इतर कंपन्यांपर्यंत पोहोचला. चोरांना हवी होती ती तिथली गणनशक्ती. माहिती विकण्यापेक्षा यंत्रं राबवणं कमी धोक्याचं, असा त्यांचा हिशेब असतो.

स्वतंत्र सुरक्षा विभाग असलेल्या समूहात हे घडतं, तर ज्या शाळेत संगणकांची जबाबदारी गणिताच्या सरांकडेच दिलेली असते तिथे ते महिनोन्‌महिने कळलं नाही, यात नवल काय?

लपण्याच्या तऱ्हा

टास्क मॅनेजर उघडताच थांबणं ही एक तऱ्हा झाली. चालू प्रोग्रामांच्या यादीवर मायनरची सतत नजर असते. टास्क मॅनेजरचं नाव तिथे दिसलं की तो स्वतःला बंद करतो आणि ते गेलं की परत येतो. काही मायनर माउस हलत नसेल तेव्हाच काम करतात. काही मुद्दाम प्रोसेसरचा निम्माच वापर करतात, म्हणजे ‘संगणक जुना झालाय’ असं म्हणून आपण सोडून देतो. काहींची नावं विंडोजच्या खऱ्या फायलींसारखी असतात. वॉनामाइनसारखे तर डिस्कवर जवळपास फाइलच ठेवत नाहीत, विंडोजच्याच अंगच्या साधनांकडून काम करवून घेतात. प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या शेड्यूल्ड टास्कमध्ये नोंद करून ठेवलेली असते, त्यामुळे हटवलेला मायनर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतो.

एकटा संगणक हे गणित सर्वांआधी सोडवेल याची शक्यता नगण्य असते, म्हणून मायनर ‘पूल’ला जोडलेला असतो. पूल म्हणजे एकत्र मायनिंग करणाऱ्यांचा सर्व्हर. तो प्रत्येक संगणकाला त्याच्या आवाक्यातला सोपा हिस्सा देतो, केलेलं काम मोजतो आणि त्या प्रमाणात बक्षीस वाटतो. वाटा जमा होतो तो मायनरमध्ये आधीच लिहून ठेवलेल्या चोराच्या खात्यावर. यातच मायनरला पकडण्याची एक संधीही आहे. बाकी काहीही लपवलं तरी इंटरनेटवरून पूलशी बोलल्याखेरीज त्याला कमाई करता येत नाही.

चौकट : शंका आली तर

आधी संगणक उघडून धूळ साफ करा. रिकामा संगणक तरीही गरम राहत असेल तर टास्क मॅनेजर उघडा आणि दिवसभर उघडाच ठेवा. तो उघडा असताना संगणक सुरळीत आणि बंद केल्यावर जड चालत असेल तर संशय पक्का धरा. मग इंटरनेटची वायर काढून पाहा. पूलशी संपर्क तुटल्यावर बहुतेक मायनर थंडावतात. विंडोजचं संरक्षण आपोआप बंद झालेलं दिसणं हीसुद्धा मोठी खूण आहे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर मालवेअर काढायची साधनं मोफत मिळतात. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. त्यानेही भागलं नाही तर कामाच्या फायली बाजूला काढून विंडोज नव्याने टाका, पण या वेळी क्रॅक नको. एकाच नेटवर्कवरचे सगळे संगणक त्याच दिवशी साफ करा, नाहीतर एकातून दुसऱ्यात परत येईल.

विजेपलीकडचं नुकसान

सतत पूर्ण भाराने चालणारा प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. खोलीतच ४० अंश असतील तर ही पाळी लवकर येते. पंखे आणि पॉवर सप्लाय वेळेआधी जातात. मोबाइलचे हाल आणखी वाईट, कारण त्याला पंखाच नसतो. डिसेंबर २०१७ मध्ये कॅस्परस्की कंपनीने लोआपी नावाचं मालवेअर एका फोनवर चालवून पाहिलं. त्यात मायनरही होता. दोनच दिवसांत बॅटरी फुगून फोनचं मागचं झाकण वाकलं.

मला याहून मोठा धोका वेगळाच वाटतो. मायनर आत आला याचा अर्थ वाट उघडी आहे. आज त्या वाटेने मोनेरो कमावणारा आलाय, उद्या तिथूनच पासवर्ड चोरणारा किंवा फायली कोंडून खंडणी मागणारा येऊ शकतो. सेवा केंद्राच्या संगणकात लोकांचे आधार क्रमांक, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकाच्या प्रती पडलेल्या असतात. धोका फक्त दुकानदाराचा राहत नाही.

कायद्यात याला जागा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणं किंवा त्यात घातक प्रोग्राम घुसवणं याबद्दल भरपाई मागता येते. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करावा.

मायनरच्या वाटा बुजवणारे विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्या दुकानांत आणि शाळांत असे संगणक अजून पुष्कळ आहेत. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्न, जात आणि नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी या दुकानांत रांगा लागतात, आणि अर्ज भरायची शेवटची तारीख संगणकासाठी थांबत नाही. घुग्घुस आणि आसपासच्या सेवा केंद्रांच्या, संगणक-वर्गांच्या चालकांनी आणि शाळांनी ही गर्दी सुरू होण्याआधी एक दिवस काम बंद ठेवावं, आपला प्रत्येक संगणक उघडून तपासावा आणि त्यातलं क्रॅक केलेलं सगळं काढून टाकावं.